ब्रेकच्या डिस्कला लेसरची कल्हई

गाडीचे प्रदूषण म्हटले की सायलेन्सर डोळ्यांसमोर येतो. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांनी आता चाकाकडेही बोट दाखवले आहे. २९ नोव्हेंबर २०२६ पासून तिथे मंजुरीसाठी येणाऱ्या नव्या मॉडेलच्या मोटारींना ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीची मर्यादा पाळावी लागेल. त्यानंतर वर्षभराने ती सगळ्याच नव्या मोटारींना लागू होईल. पेट्रोल, डिझेल आणि हायब्रिड मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, तर निव्वळ विजेवर चालणाऱ्या मोटारींना ३ मिलिग्रॅम. यात मोजायची ती १० मायक्रॉनपर्यंतची, म्हणजे श्वासाबरोबर आत जाऊ शकणारी धूळ. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

७ मिलिग्रॅम हा आकडा किरकोळ वाटतो. पण गाडी वर्षाला १० हजार किलोमीटर धावली, तर मर्यादेत राहूनही ७० ग्रॅम बारीक भुकटी हवेत जाते. चौकाचौकात थांबणाऱ्या हजारो गाड्यांचे ७० ग्रॅम मिळून किती होतात, ते ट्रॅफिक पोलिसाच्या फुप्फुसाला विचारावे.

यावर उपाय म्हणून एक शब्दप्रयोग सतत कानावर पडू लागला आहे: लेसरने चढवलेला सिरॅमिकचा लेप. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, ओतीव लोखंडाचीच ठेवायची आणि तिच्या दोन्ही तोंडांवर पाव मिलिमीटर जाडीचा अतिकठीण थर बसवायचा. बातम्यांमध्ये याचे स्पष्टीकरण एका ओळीत उरकते: ‘लेप कठीण, म्हणून झीज कमी.’ ते चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. लेप किती टिकेल हे नुसत्या कठीणपणावर ठरत नाही. कठीण कण कशात रोवले आहेत आणि तो थर खालच्या लोखंडाला कसा धरून आहे, यावरही ते तितकेच अवलंबून असते.

## झीज होते म्हणजे काय होते

कठीणपणा मोजायची सर्वांत रुळलेली पद्धत विकर्सची. हिऱ्याचे चौकोनी पिरॅमिडसारखे टोक ठरावीक वजनाने पृष्ठभागावर दाबायचे आणि उठलेल्या खळीचे कर्ण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. खळी जितकी लहान, तितका विकर्स आकडा मोठा. डिस्कचे राखाडी ओतीव लोखंड, म्हणजे कारखान्यातल्या बोलीत ‘ग्रे आयर्न’, साधारण २०० विकर्स भरते. रस्त्यावरच्या वाळूतला गारेचा कण ११०० च्या आसपास असतो. ब्रेक पॅडमध्ये, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून आवळणाऱ्या ठोकळ्यांमध्ये, मुद्दाम घातलेला अॅल्युमिनाचा (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) खरखरीत कण त्याहून कठीण. म्हणजे प्रत्येक ब्रेकला स्वतःहून कितीतरी कठीण दाणे लोखंडावर दाबून ओढले जातात. पाट्यावर मिरची वाटावी, तसे इथे लोखंड वाटले जाते.

आता सिरॅमिककडे पाहू. इथे सिरॅमिक म्हणजे कार्बाइड, धातू आणि कार्बन यांची कठीण संयुगे. टंगस्टन कार्बाइड २००० विकर्सच्या वर आणि टायटॅनियम कार्बाइड ३००० च्या घरात. गारेचा किंवा अॅल्युमिनाचा कण यांना सहज ओरखडू शकत नाही.

१९५३ मध्ये जे. एफ. आर्चर्ड या ब्रिटिश संशोधकाने झिजेचे साधे सूत्र मांडले. किती माल झिजला, तर भार गुणिले घासलेले अंतर, भागिले कठीणपणा, आणि या सगळ्याला एक गुणांक. कठीणपणा दहापट केला तर झीज दहावा हिस्सा, असा हिशेब यावरूनच निघतो. पण खरी गोम त्या गुणांकात आहे. पृष्ठभागांची जोडी, तापमान, गंज, मध्ये अडकलेली भुकटी यांनुसार तो हजारो पटींनी बदलतो. कठीणपणा दहापट वाढवला आणि कण उपटून निघू लागल्यामुळे गुणांक शंभरपट झाला, तर झीज दहापट वाढेल.

## अख्खा थर सिरॅमिकचाच का नको?

सिरॅमिक कठीण असते, पण वाकत नाही. एकदा तडा गेला की तो अडत नाही, काचेसारखा सरळ पुढे पळतो. घाट उतरताना डिस्कचा पृष्ठभाग ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो, आणि त्यावर पावसाचे पाणी उडाले की क्षणात निवतो. निव्वळ सिरॅमिकचा जाड थर हा झटका सोसणार नाही.

लेसर वापरून निव्वळ सिरॅमिकचा थर देता येत नाही, असे नाही. निर्वात पेटीत लेसरचे अतिलहान झटके सिरॅमिकच्या वडीवर मारायचे, तिची वाफ करायची आणि ती समोरच्या वस्तूवर बसू द्यायची, अशी पद्धत आहे. पण तिथला थर मायक्रॉनभर जाडीचा, आणि वेग प्रयोगशाळेला शोभेल असा. मोटारीच्या डिस्कला त्याचा उपयोग नाही.

म्हणून डिस्कवर वापरतात तो मिश्र थर: स्टीलमध्ये रोवलेले कार्बाइडचे दाणे. त्याची रचना डांबरी रस्त्यासारखी असते. चाकाचा भार खडी घेते आणि खडीला जागेवर धरून ठेवते डांबर. नव्या रस्त्यावर आधी वरचे डांबर थोडे घासले जाते, खडीची टोके वर येतात आणि मग झीज मंदावते. लेपातही पहिल्या काही ब्रेकांत असेच घडते.

रस्ता खराब होतो तोही याच क्रमाने. एक खडी सुटते, तिच्या जागी खळगा पडतो, शेजारच्या खडीचा आधार जातो. सुटलेली खडी चाकाखाली येऊन इतरांना उखडते. सुटलेला कार्बाइडचा दाणा डिस्क आणि पॅडच्या मध्ये सापडला, तर तो ३००० विकर्सचे हत्यार होऊन दोघांनाही खरवडतो. म्हणून दाण्याच्या कठीणपणाइतकीच त्याच्या भोवतीच्या स्टीलची पकड महत्त्वाची.

## रंग, फवारा आणि कल्हई

लेप खालच्या धातूला चिकटतो कसा, यावरून त्याची जात ठरते. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करताना भांडे तापवतात, नवसागर टाकून पृष्ठभाग स्वच्छ करतात आणि कथिल फिरवतात. वितळलेले कथिल तांब्याला भिजवते, आणि दोघांच्या सीमेवर दोघांचा मिळून एक पातळ थर तयार होतो. म्हणूनच कल्हई झिजते, पण रंगासारखी पोपडे धरून निघत नाही.

डिस्कवर कार्बाइड बसवण्याची आधीची पद्धत फवाऱ्याची. जळत्या वायूच्या झोतातून पावडर ध्वनीहून जास्त वेगाने आदळवायची. कण चपटे होऊन खडबडीत केलेल्या पृष्ठभागाच्या खाचांत अडकतात. पकड मुख्यतः अडकण्याची. पोर्शेने २०१७ च्या कायेन मोटारीमध्ये टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेली डिस्क आणली, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार ब्रेकची धूळ ९० टक्क्यांपर्यंत घटली. लेपाची कल्पना चालते, हे त्यामुळे दिसले. अडचण खर्चाची होती, कारण फवाऱ्यात निम्म्याच्या आसपास पावडर वाया जाते.

लेसरचा लेप कल्हईच्या कुळातला आहे. फरक एवढाच की कल्हईत तांबे वितळत नाही, इथे खालच्या धातूचा अगदी वरचा पापुद्रा वितळतो आणि लेपात मिसळतो.

## लेसर नेमके काय करतो

गोल फिरणाऱ्या डिस्कवर वरून अवरक्त लेसरचा झोत पडतो. त्याच्या भोवतीच्या शंकूसारख्या नोझलमधून आर्गॉन वायूवर तरंगत धातूची पावडर त्याच ठिपक्यावर सोडतात. पावडरीचे कण साधारण २० ते ५० मायक्रॉनचे. डिस्क फिरते, नोझल हळूहळू आत सरकते आणि रेकॉर्डवरच्या खाचेसारखी एकाला एक लागून वर्तुळे बसत जातात. प्रत्येक वर्तुळ आधीच्या वर्तुळावर निम्मे किंवा त्याहून जास्त चढलेले असते, नाहीतर मध्ये घळी राहतात.

जुन्या पद्धतीत झोत आधी डिस्कवर वितळलेल्या धातूचे डबके करी आणि पावडर त्या डबक्यात पडून वितळे. यात वेग मिनिटाला अर्धा ते दोन मीटर, थर अर्धा मिलिमीटर किंवा जास्त, आणि उष्णता खोलवर जात असे. जर्मनीतल्या आखेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेने हा क्रम उलटा केला. नोझल अशी जुळवायची की पावडर डिस्कला टेकायच्या आधी हवेतच, झोतातून जाताना वितळेल. मग डबके खोल करायची गरजच उरत नाही. या अतिवेगवान पद्धतीत मिनिटाला शेकडो मीटर वेग गाठता येतो, २५ ते २५० मायक्रॉनचा पातळ थर बसतो आणि उष्णतेची झळ खालच्या धातूत मिलिमीटरऐवजी काही मायक्रॉनच पोचते. सुमारे ९० टक्के पावडर कामी येते. २०१७ मध्ये या कामाला संस्थेचे योझेफ फॉन फ्राउनहोफर पारितोषिक मिळाले.

वेगाने काय साधते ते आकड्यांत पाहावे. डिस्कचा घासणारा पट्टा बाहेरून २८० आणि आतून १८० मिलिमीटर व्यासाचा धरू. एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ३६० चौरस सेंटिमीटर होते. मिनिटाला १ मीटर वेग आणि दर फेऱ्याला नोझलची १ मिलिमीटर सरक ठेवली, तर एका बाजूच्या एका थराला ३६ मिनिटे लागतात. मिनिटाला १०० मीटर वेग आणि ०.३ मिलिमीटर सरक ठेवली, तर सव्वा मिनिट. त्यासाठी डिस्क बाहेरच्या कडेला मिनिटाला ११४ फेरे आणि आतल्या कडेला १७७ फेरे अशी वाढत्या गतीने फिरवावी लागते. फेरे कायम ठेवले तर आतल्या कडेला थर जाड होतो.

माल किती लागतो? दोन्ही बाजूंना प्रत्येकी पाव मिलिमीटर जाडीसाठी मिळून १८ घन सेंटिमीटर, वजनात सुमारे १३५ ग्रॅम. वाया जाणारी धरून एका डिस्कला १५० ग्रॅम पावडर.

## दोन थर कशाला?

ग्रे आयर्नच्या पोटात ग्रॅफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाच्या, पापुद्र्यांची जाळी असते. उष्णता पसरवायला आणि ब्रेकची किरकिर शोषायला ती फार कामाची. लेसरखाली मात्र तीच डोकेदुखी होते. लोखंड वितळले की ग्रॅफाइटचा कार्बन त्यात विरघळतो, आणि झटकन थिजताना काचेसारखे ठिसूळ पांढरे लोखंड तयार होते. काही ग्रॅफाइट जळून वायू होतो आणि थरात बुडबुडे अडकतात.

म्हणून आधी सुमारे १०० मायक्रॉनचा निव्वळ स्टेनलेस स्टीलचा थर देतात. त्यात कार्बाइड नसते. त्याचे काम मधल्या गड्याचे: खालून येणारा कार्बन पचवायचा, लोखंडाला गंजापासून वाचवायचे आणि वरच्या थराला निर्धोक बैठक द्यायची. त्यावर स्टील आणि कार्बाइड मिसळलेला घासणीचा थर. तो थोडा जास्तच चढवतात, कारण शेवटी हिऱ्याच्या चाकाने घासून सपाट करावा लागतो.

स्टील कोणते घ्यायचे, हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. ३१६एल हे नावाजलेले स्टेनलेस, गंजाला उत्तम. पण तापल्यावर ते ओतीव लोखंडापेक्षा जवळपास दीडपट फुगते. ५०० अंशांच्या फरकाला २८० मिलिमीटरच्या डिस्कवर हा फरक ०.७ मिलिमीटरचा होतो. थर मोकळा असता तर तेवढा बाहेर आला असता. घट्ट चिकटलेला असल्याने तो ताण आतच राहतो आणि तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेरीत थराला थोडे थोडे थकवतो. निकेल नसलेले ४३०एल जातीचे स्टेनलेस जवळजवळ ओतीव लोखंडाइतकेच फुगते. म्हणून डिस्कसाठी त्याच्याकडे कल आहे. गंजाच्या बाबतीत ते ३१६एलपेक्षा डावे, पण इथे तडा न जाणे जास्त मोलाचे.

## कुठे आणि का बिघडते

चिक्की करणाऱ्याला ठाऊक असते की पाक जास्त तापला तर दाणे करपतात, आणि कमी तापला तर दाणे सुटतात. कार्बाइडचे तसेच. लेसरची शक्ती जास्त झाली तर टंगस्टन कार्बाइड स्टीलमध्ये विरघळू लागते. विरघळलेले टंगस्टन आणि कार्बन लोखंडाशी मिळून दाण्याभोवती एक ठिसूळ कवच करतात. सूक्ष्मदर्शकाखाली दाण्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या, तर हेच झाले असे समजावे. शक्ती कमी पडली तर दाणे स्टीलने नीट भिजत नाहीत आणि पहिल्याच घासणीत निखळतात.

दुसरी अडचण वजनाची. टंगस्टन कार्बाइडची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १५.६ ग्रॅम, स्टीलची ७.९ आणि टायटॅनियम कार्बाइडची ४.९. वितळलेल्या स्टीलमध्ये पहिले बुडते, तिसरे तरंगते. खोल डबक्यात दाणे तळाशी किंवा वर गोळा होतात आणि थर एकसारखा राहत नाही. पातळ, वेगाने थिजणाऱ्या थरात त्यांना सरकायला वेळच मिळत नाही, हा अतिवेगवान पद्धतीचा फारसा न सांगितला जाणारा फायदा.

तडे हा सर्वांत घातक दोष. कार्बाइडचे प्रमाण वाढवत नेले की कठीणपणा वाढतो आणि ताण झेलायला मऊ स्टील कमी उरते. केसाइतका तडाही वाईट, कारण त्यातून पाणी खाली उतरते आणि लेपाखालचे लोखंड गंजू लागते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फुगतो आणि वरचा शाबूत थर खालून उचलतो.

बुडबुड्यांचे कारण पुष्कळदा लेसरच्या आधीच घडलेले असते. लेथवर डिस्क कातताना गार ठेवायला सोडलेले द्रव, म्हणजे कूलंट, ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत मुरलेले असते, नुसते पुसून ते जात नाही. धुऊन आणि तापवून काढावे लागते. पावडरही कोरडी हवी. दमट पावडर नोझलमध्ये गुठळ्या धरते आणि थर लाटालाटांचा होतो.

शिवाय डिस्क वाकते. एका बाजूला वितळलेला धातू निवताना आकसतो आणि अख्खी डिस्क ताटलीसारखी थोडी खोलगट करतो. दुसऱ्या बाजूच्या लेपाने ताण बराचसा तोलला जातो, पण पूर्ण नाही. फिरताना डिस्क ०.०५ मिलिमीटरहून जास्त डुलली तर ब्रेक दाबताना पायाला थरथर जाणवू लागते. त्यामुळे घासणीच्या थरात या वाकण्यापुरती जाडी राखून ठेवावी लागते.

## कठीणपणाचा आकडा वाचताना

एखाद्या पत्रकात ‘लेप २००० विकर्स’ असे वाचले तर पहिला प्रश्न विचारावा: कुठे दाबून? ३०० ग्रॅम वजनाने दाबल्यास २००० विकर्सच्या दाण्यात खळीचा कर्ण १७ मायक्रॉन येतो आणि २०० विकर्सच्या धातूत ५३ मायक्रॉन. दाणा ४० मायक्रॉनचा असेल, तर टोक बरोबर त्याच्या मध्यावर पडले की दाण्याचा आकडा मिळतो, आणि थोडे बाजूला पडले की दाणा व स्टीलची सरमिसळ. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. अनेक ठिकाणी दाबून मिळालेले आकडे, त्यातला चढउतार आणि खोलीनुसार बदल पाहावा.

झिजेची चाचणी वेगळी. ठरावीक भाराने पिन फिरत्या चकतीवर घासायची किंवा रबरी चाकाखाली वाळू सोडायची, आणि किती माल गेला ते मोजायचे. यात फक्त लेपाची झीज सांगणारा अहवाल अपुरा. समोरच्या पिनचे किती झिजले, तेही हवे. धुळीसाठी पूर्ण ब्रेकच बंद कक्षात चालवतात. त्याचे आंतरराष्ट्रीय चक्र १९२ किलोमीटरचे, त्यात ३०३ वेळा ब्रेक आणि वेळ साडेचार तासांच्या आसपास.

## डिस्क कठीण झाली, तर पॅड झिजणार नाहीत का?

झिजतील, जर नेहमीचेच पॅड लावले तर. साध्या डिस्कचे पॅड तिला थोडे खरवडूनच घर्षण मिळवतात. कठीण डिस्कवर ती युक्ती चालत नाही. तिथे पॅडच्या मालाचा एक पातळ पापुद्रा डिस्कवर बसावा लागतो, आणि मग पॅड त्या पापुद्र्यावर घासला जातो. पॅडची कृती त्यासाठी वेगळी हवी. डिस्क आणि पॅड हे जोडीनेच घडवायचे, जोडीनेच तपासायचे. चुकीची जोडी लागली तर थंड ब्रेकची पकड कमी पडू शकते, आणि धूळही पॅडमधून निघत राहते.

## विजेच्या गाडीला याची काय गरज?

विजेची गाडी बरेचदा मोटरनेच वेग कमी करते, ब्रेक कमी लागतो, हे खरे. पण न वापरलेली लोखंडी डिस्क गंजते. पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर एका रात्रीत तांबूस थर येतो, तो सगळ्यांनी पाहिला आहे. पुढच्या ब्रेकला तो खरवडून हवेत जातो. स्टेनलेसचा लेप इथे कठीणपणापेक्षा गंज न धरण्यामुळे उपयोगी पडतो. मागच्या चाकांना बंद ड्रम ब्रेक देणे हा दुसरा मार्ग, आणि फोक्सवॅगनने आयडी ३ मध्ये तो वापरला आहे. पुढच्या चाकांवर उष्णता जास्त असते, तिथे डिस्कच बरी.

## उडणारे कार्बाइड घातक नाही का?

ही शंका रास्त आहे. कोबाल्टमध्ये बांधलेल्या टंगस्टन कार्बाइडची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्याने कामगारांना फुप्फुसाचा गंभीर विकार होतो, हे वैद्यकाला चांगले माहीत आहे. म्हणून रस्त्यावर झिजणाऱ्या लेपात कोबाल्ट नको, आणि निकेलही शक्य तितके टाळावे, अशी माझी स्पष्ट भूमिका आहे. टायटॅनियम कार्बाइड आणि ४३०एल या जोडीत दोन्ही लागत नाहीत. टंगस्टनचे खाणकाम मुख्यतः चीनच्या हातात आहे, तोही प्रश्न या जोडीने सुटतो.

## आपल्याकडे काय बदलेल

भारत स्टेज ६ मध्ये ब्रेकच्या धुळीला मर्यादा नाही. पण युरोपात विकल्या जाणाऱ्या गाडीचा भाग कुठेही ओतलेला असो, नियम तोच. ग्रे आयर्नच्या ओतकामावर उभ्या असलेल्या कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींना म्हणूनच हा विषय परका नाही. लेप द्यायच्या डिस्कमध्ये कातडीखालचे छिद्र चालत नाही. साध्या डिस्कवर ते झिजून निघून गेले असते, लेसरखाली ते बुडबुडा होऊन वर येते.

गॅरेजमधली एक सवयही मोडावी लागेल. ओरखडे पडलेली डिस्क लेथवर घासून सपाट करून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. लेप दिलेल्या डिस्कवर लेथचे हत्यारच बोथट होते, आणि दोन तोंडांवरून पाव-पाव मिलिमीटर काढले तर लेपच संपतो. अशी डिस्क घासायची नाही, बदलायची. कधी बदलायची ते डोळ्यांना कळते: लेप शाबूत असेल तर घासणारा पट्टा आरशासारखा चकचकीत राहतो. जिथे तो भेदला गेला, तिथे पावसाळी रात्रीनंतर तांबूस ठिपका किंवा कंगोरा उठतो. तेवढ्या जागी आता पुन्हा २०० विकर्सचे लोखंड पॅडला भिडते आहे.